हद्दीचा दगड हलवावा का?

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालं की आंबेनळी घाट लागतो. घाटात एका वळणावर रस्त्यासाठी डोंगर उभा कापला आहे. खाली काळा कातळ, वर काळा कातळ आणि दोहोंच्या मधे हातभर जाडीचा विटकरी पट्टा. नखानं खरवडला तर गेरूसारखी भुकटी बोटाला लागते. खालचा कातळ म्हणजे एका उद्रेकाचा लाव्हा, वरचा दुसऱ्या उद्रेकाचा. खालचा निवला, त्यावर कित्येक पावसाळे गेले, वरचा भाग झिजून त्याची माती झाली आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती माती भाजून काढून वर बसला. भूशास्त्राची मंडळी या पट्ट्याला ‘रेड बोल’ म्हणतात. आमच्याबरोबर महाविद्यालयात भूशास्त्र शिकवणारे एक सर होते. सहलीतल्या एका मुलीनं त्यांना विचारलं, “सर, डायनोसॉर संपले ती रेघ यातली कुठली?”

सर जरा थांबले. म्हणाले, “आपण ती ओलांडून आलो असू, किंवा अजून यायची असेल. बहुतेक याच घाटात आहे.”

मुलीला ते उत्तर फारसं पटलं नसावं. पण ते अगदी काटेकोर उत्तर होतं, आणि या लेखाचा विषय त्याच उत्तरात आहे. पृथ्वीच्या काळाचे भाग पाडायचे तर त्यांच्यामधली हद्द कुठं आणि कशावर आखायची, एका ठिकाणची हद्द दुसऱ्या ठिकाणच्या खडकात कशी ओळखायची, आणि एकदा ठरवलेली हद्द चुकीची निघाली तर ती हलवायची का, हे प्रश्न भूशास्त्रात आजही मतदानाला येतात. २०२४च्या मार्चमध्ये ‘अँथ्रोपोसीन’ या मानवनिर्मित युगाचा प्रस्ताव मतदानात पडला तेव्हा वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या आणि विरून गेल्या. मुळात असं मतदान का घ्यावं लागतं, याची चर्चा आपल्याकडे झाली नाही. ती व्हायला हवी, कारण या वादातला एक मोठा तुकडा आपल्या सह्याद्रीत आहे.

आधी घाटाचंच पाहू. दख्खनच्या लाव्ह्याचे थर सगळे काळेच दिसतात. ते वेगळे ओळखायला भूशास्त्रज्ञांनी रसायनाचा आधार घेतला. कुठल्या थरात स्ट्राँशियम किती, बेरियम किती, टायटॅनियम किती, यावरून त्यांचे गट पाडले आणि त्या गटांना आपल्याच गावांची आणि डोंगरांची नावं दिली. सर्वांत खाली कळसूबाई उपसंघ, त्यावर लोणावळा, त्यावर वाई. त्यांच्या पोटात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. कसाऱ्याच्या घाटात एक थर असा आहे की त्यात बोटाएवढे लांब पांढरट स्फटिक आडवेतिडवे रुतलेले दिसतात. असे थर डोळ्यांनीच ओळखू येतात, म्हणून एका घाटातला थर दुसऱ्या घाटात शोधताना ते खुणेचे ठरतात. जगभरच्या शोधनिबंधांत आज पोलादपूर आणि आंबेनळी ही नावं सहज येतात. ती वाचताना मला मनापासून आनंद होतो.

२०१९च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. प्रिन्स्टनच्या गटानं लाव्ह्याच्या थरांमधल्या विटकरी पट्ट्यांतून झिर्कॉनचे कण वेचले. साखरेच्या दाण्याहूनही बारीक असे हे कण ज्वालामुखीच्या राखेतून त्या मातीत पडलेले असतात. त्यांत युरेनियम असतं आणि ठरलेल्या गतीनं त्याचं शिसं होत जातं, म्हणून कणाचं वय मोजता येतं. बर्कलीच्या गटानं लाव्ह्यातल्याच स्फटिकांमधला अरगॉन वायू मोजला. दोघांचंही काम उत्तम. पण प्रिन्स्टनच्या आकड्यांप्रमाणे डायनोसॉर संपल्याची ती ६.६ कोटी वर्षांपूर्वीची हद्द पोलादपूर गटाच्या माथ्याजवळ, आंबेनळी गट सुरू होतो तिथं येते. बर्कलीच्या आकड्यांप्रमाणे ती पोलादपूरच्या पायथ्याशी, बुशे संपतो तिथं येते. मधे काहीशे मीटर कातळ आहे. वरवर पाहता हा अगदी किरकोळ तपशील वाटेल. पण पहिल्या हिशेबात लाव्ह्याचा एक मोठा लोंढा डायनोसॉरांच्या अंताशी जोडली जाणारी उल्का पडण्याच्या आधीच बाहेर आला, आणि दुसऱ्यात लाव्ह्याचा बहुतांश भाग उल्का पडल्यानंतर आला. डायनोसॉर कशानं संपले या प्रश्नात आपल्या काळ्या कातळाचा वाटा किती, हे या काहीशे मीटरवर ठरतं.

मग ती हद्द मुळात आहे कुठं? ती ट्युनिशियात आहे, अल केफ या गावाजवळ. १९९१ साली आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघटनेनं तिथला एक सागरी गाळाचा थर निवडला आणि ठरवलं की त्या चिकणमातीच्या तळाशी जो मिलिमीटरभर जाडीचा तांबूस पापुद्रा आहे, ज्यात इरिडियम हा धातू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आहे, तिथं क्रिटेशस संपतो आणि पॅलिओजीन सुरू होतो. हे इरिडियम अवकाशातून आलेल्या उल्केबरोबरचं, हा तर्क १९८०मध्ये इटलीतल्या गुबियोच्या थरांवरून अल्वारेझ पितापुत्रांनी मांडला होता. आता जगात कुठेही या हद्दीबद्दल बोलायचं तर शेवटी अल केफच्या त्या पापुद्र्याशी मेळ घालावा लागतो. शेताच्या मोजणीत हद्दीचा दगड असतो, तसाच हा. इंग्रजीत त्याला ‘गोल्डन स्पाइक’ म्हणजे सोन्याचा खिळा म्हणतात. प्रत्यक्षात तिथं सोनं नसतं. बहुतेक ठिकाणी एखादी धातूची चकती किंवा पाटी असते.

सह्याद्रीत असा दगड ठोकता येत नाही, कारण इथं सागरी गाळ नाही, त्यातले सूक्ष्म जीव नाहीत, इरिडियमचा सलग पापुद्राही नाही. म्हणून ट्युनिशियाचा दगड आणि पोलादपूरचा कातळ यांच्यामधे दोरी ताणावी लागते. एक दोरी वयाच्या आकड्यांची. दुसरी चुंबकाची: अल केफची हद्द ज्या काळात येते त्या काळात पृथ्वीची चुंबकीय दिशा आजच्या उलट होती, आणि घाटातल्या लाव्ह्यातही तीच उलटी दिशा गोठलेली सापडते. महाबळेश्वरच्या पठाराजवळ पोचेपर्यंत ती पुन्हा सुलट होते. तिसरी दोरी राजमहेंद्रीची. सह्याद्रीतल्या लाव्ह्याशी रासायनिक मेळ असलेले थर जवळपास हजार किलोमीटरवर आंध्रात गोदावरीकाठी सापडतात, आणि तिथं लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात पॅलिओजीनच्या अगदी सुरुवातीचे सागरी सूक्ष्म जीव आहेत. प्रत्येक दोरी थोडी सैल आहे, पण तिन्ही एकत्र ताणल्या की हद्द एका घाटापुरती जवळ येते. सरांचं उत्तर त्या दोऱ्यांच्या ताणाएवढंच होतं.

दगड ठोकण्याची ही पद्धत पहिल्यापासूनची नव्हती. विल्यम स्मिथ या इंग्लंडच्या कालवे मोजणाऱ्या सर्वेक्षकानं १८१५ साली देशाचा भूशास्त्रीय नकाशा छापला तेव्हा त्याचं साधन एकच होतं: थर बदलला की त्यातले जीवाश्म बदलतात, आणि त्यांचा क्रम सगळीकडे तोच राहतो. पुढे सेजविक आणि मर्चिसन या दोन भूशास्त्रज्ञांनी १८३५मध्ये वेल्समधल्या खडकांना कँब्रियन आणि सिल्युरियन अशी नावं दिली. एकानं खालून वर मोजलं, दुसऱ्यानं वरून खाली. मधले थर दोघांच्याही वाट्याला आले. बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात तसे हे दोघे मित्र आयुष्यभरासाठी दुरावले. दोघंही वारल्यावर १८७९मध्ये लॅपवर्थ या भूशास्त्रज्ञानं वादातला पट्टा वेगळा काढून त्याला ऑर्डोव्हिशियन हे नाव दिलं. ते नाव आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य व्हायला १९६० साल उजाडलं.

याच अनुभवातून दगडाची कल्पना निघाली. १९७२मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या क्लोंक इथं सिल्युरियन आणि डेव्होनियन यांच्यामधला पहिला दगड पक्का झाला. त्यात एक नियम फार शहाणपणाचा आहे: फक्त खालची हद्द ठरवायची. वरची हद्द म्हणजे पुढच्या कालखंडाची खालची हद्द. त्यामुळे दोन कालखंड एकमेकांत घुसत नाहीत आणि मधे कुणाचीच नसलेली जमीनही उरत नाही. सेजविक आणि मर्चिसन यांच्याकडे हा एक नियम असता, तर ते भांडण झालंच नसतं असं मला वाटतं.

आता मूळ प्रश्न. दगड ठोकल्यावर नवं काही सापडलं तर?

कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर फॉर्च्युन हेड नावाचा कडा आहे. १९९२मध्ये तिथं कँब्रियनची खालची हद्द ठरली. खूण होती एका किड्यासारख्या प्राण्यानं गाळात काढलेल्या वेड्यावाकड्या बिळांची. असं बीळ पहिल्यांदा जिथं दिसतं तिथं कँब्रियन सुरू. काही वर्षांनी त्याच कड्यात, दगडाच्या सुमारे चार मीटर खाली, तशीच बिळं सापडली. म्हणजे ‘पहिल्यांदा’ हा शब्द चुकला. शिवाय त्या कड्यात वय मोजायला ज्वालामुखीची राखच नाही. वय ओमान आणि नामिबियाच्या थरांवरून आणावं लागतं. ते ५४.२ कोटी वर्षांचं ५४.१ कोटी झालं, आता ५३.८८ कोटी मानतात.

दगड हलवावा असं म्हणणाऱ्यांची बाजू इथं कमकुवत नाही. ज्या पुराव्यावर दगड उभा केला तोच खाली सरकला, मग दगड वर ठेवायचा कशासाठी? सातबारावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष शेत यांचा मेळ बसत नसेल तर फेरमोजणी करतातच. विद्यार्थ्याला आपण सांगतो की या बिळांनी कँब्रियन सुरू होतो, आणि त्याच कड्यावर नेलं तर तो म्हणेल, सर, ही तर खाली पण आहेत.

पण दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे, आणि मला ती जास्त पटते. दगडाचं मुख्य काम ‘कँब्रियन’ म्हटल्यावर सर्वांच्या मनात एकच जागा यावी हे आहे. तो दगड कुठल्या प्राण्याचा जन्मदाखला नाही. दगडाच्या खाली बिळं सापडली म्हणून दगड चुकत नाही. आपल्याला त्या प्राण्याची माहिती जास्त मिळाली, एवढंच. वयाचा आकडा दोनदा बदलला, पण कड्यातला थर तिथंच आहे, त्यामुळे १९९२ ते आजपर्यंतचे सगळे निबंध एकमेकांशी बोलू शकतात. दगड हलवला असता तर प्रत्येक जुन्या निबंधावर ‘कोणता कँब्रियन?’ हा प्रश्न चिकटला असता.

चीनमधल्या मेशानचा दगड मला या बाबतीत आदर्श वाटतो. पर्मियनच्या अखेरीस पृथ्वीवरचा सर्वांत मोठा जीवसंहार झाला. मेशानच्या खाणीत त्याची खूण ज्या थरात आहे, त्याच्या जेमतेम वीतभर वर २००१मध्ये हद्द ठरवली गेली: एका माशासारख्या प्राण्याचे सूक्ष्म दात जिथं पहिल्यांदा दिसतात तिथं. संहाराच्या रेघेवरच हद्द का ठेवली नाही, असा प्रश्न साहजिक आहे. कारण तो संहार ठिकठिकाणी वेगळा दिसला. ते दात मात्र जगभर सापडतात. घटना मोठी असली म्हणून ती चांगली खूण होईलच असं नाही. आणि मेशानला हद्दीच्या खाली आणि वर राखेचे थर असल्यामुळे आकडाही तिथल्या तिथं मिळतो: २५.१९ कोटी वर्षं.

मग दगड कधीच हलवू नये का? तसंही नाही. दक्षिण फ्रान्समधल्या ला सेर इथला दगड डेव्होनियन आणि कार्बोनिफेरस यांच्यामधला, १९९० सालचा. तिथंही खुणेचा जीव हद्दीच्या खाली सापडला. पण इथली अडचण फॉर्च्युन हेडपेक्षा खोल आहे. तो जीव नेमका कोणता मानायचा, त्याच्या पूर्वजापासून तो वेगळा कसा ओळखायचा, यावरच तज्ज्ञांचं एकमत राहिलं नाही. म्हणजे फ्रान्समधला दगड जागेवर आहे, पण त्याची दोरी दुसऱ्या कुठल्याही देशात नेऊन बांधता येत नाही. नुसत्या स्वतःच्या शेतापुरत्या दगडाचा जगाला उपयोग नाही. तिथं फेरमोजणी चालू आहे, आणि ती व्हायलाच हवी.

माझ्या मते फरक इथं आहे. दगडाच्या आसपास नवी माहिती मिळाली तर दगड तसाच ठेवून माहिती वाढवावी. दगडापासून दुसरीकडे दोरीच जात नसेल तर दगड बदलावा. २००९मध्ये क्वाटर्नरी कालखंडाची सुरुवात १८ लाख वर्षांवरून सुमारे २५.८ लाख वर्षांवर नेली गेली तेव्हा खूप आरडाओरडा झाला. तेव्हाही एकही दगड उपटला नव्हता. सिसिलीत मोंते सान निकोला इथं आधीपासून एक दगड होता. क्वाटर्नरीची पाटी कॅलाब्रियातल्या दगडावरून काढून त्यावर लावली. उत्तरेकडच्या हिमयुगांची सुरुवात त्या नव्या रेघेजवळ येते, म्हणून बहुतेकांना तो निर्णय रुचला. पाटी बदलली तरी लोक सवय करून घेतात. दगडाचीच जागा बदलली तर जुन्या मोजणीतलं काहीच ताडून पाहता येत नाही.

काही जण विचारतील, दगड, थर, किडे, दात हे सगळं कशाला? सरळ आकडे ठरवा. अमुक कोटी वर्षांपूर्वी हद्द, संपलं. पृथ्वीच्या सर्वांत जुन्या इतिहासासाठी हेच केलं आहे. आर्कियन आणि प्रोटेरोझोइक यांच्यामधली हद्द म्हणजे २५० कोटी वर्षं, त्यासाठी कुठे दगड नाही. गोव्याच्या खाणींमधलं लोहखनिज ज्या खडकांत आहे ते असेच फार प्राचीन, आणि त्यांत क्रम लावायला उपयोगी पडतील असे जीवाश्म नाहीत. अशा खडकांना आकडाच हवा. पण आकड्याची अडचण अशी की खडक हातात घेतला तर त्यावर आकडा लिहिलेला नसतो. तो मोजायला राख हवी, झिर्कॉन हवा, प्रयोगशाळा हवी. आणि मोजण्याची पद्धत सुधारली की आकडा हलतो. आकडाच हद्द असेल तर आज एका बाजूला असलेला खडक उद्या दुसऱ्या बाजूला जाईल. कड्यातला थर असा हलत नाही. म्हणून जीवाश्म आहेत तिथं दगड आणि नाहीत तिथं आकडा, ही आजची मिश्र व्यवस्था मला योग्य वाटते. २००४मध्ये एडिआकरन कालखंडासाठी ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स पर्वतरांगेत दगड ठोकला गेला, म्हणजे आकड्यांच्या मुलुखातही दगड हळूहळू मागे सरकतो आहे.

जीवाश्मांवर सगळा भार टाकणाऱ्यांनाही जुना इशारा आहे. १८६२मध्ये थॉमस हक्सलीनं लंडनच्या भूशास्त्र सोसायटीपुढे सांगितलं होतं की दोन देशांत जीवांचा क्रम सारखा असला म्हणून ते थर एकाच वेळचे ठरत नाहीत. प्राणी प्रवास करतो. एका समुद्रात आज दिसलेला दुसऱ्या समुद्रात कितीतरी उशिरा पोचतो. आज चांगला दगड निवडताना जीवाश्म, चुंबक, राख आणि समस्थानिकं या सगळ्यांचा एकत्र मेळ पाहतात तो यामुळेच. २०२०मध्ये जपानमधल्या चिबा इथं ठरलेली हद्द तशी आहे: सुमारे ७.७ लाख वर्षांपूर्वी पृथ्वीचा चुंबक उलटला त्याच्या अगदी जवळ, एका राखेच्या थराच्या तळाशी. चुंबक उलटतो तो सगळ्या जगात एकदम, त्याला समुद्र ओलांडून यावं लागत नाही.

दोरी चुकीच्या ठिकाणी बांधली तर काय होतं, ते आपल्या जुन्नर तालुक्यात पाहायला मिळतं. कुकडीकाठी बोरी गावाजवळ नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९८०च्या दशकात तिथं राखेबरोबर दगडी हत्यारं शोधली. ही राख दख्खनची नाही. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची. मग वय मोजलं. एका पद्धतीनं सुमारे १४ लाख वर्षं आलं. दुसऱ्या पद्धतीनं सुमारे ६.७ लाख. राखेतल्या काचेचं रसायन पाहणाऱ्यांनी म्हटलं, ही टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची. टोबानं एकाहून जास्त वेळा राख उडवली, त्या राखा दिसायला आणि रसायनात एकमेकींसारख्या, आणि पावसानं धुऊन आलेली राख नदी पुन्हा दुसरीकडे टाकते. कुकडीकाठची माणसं १४ लाख वर्षांपूर्वीची की ७५ हजार वर्षांपूर्वीची, या दोन टोकांमधे माणसाच्या इतिहासाचा फार मोठा भाग मावतो. राखेचा थर तिथंच आहे. प्रश्न दोरी कुठल्या स्फोटाला बांधायची हा आहे.

आणि आता आपल्या देशातला दगड. २०१८मध्ये होलोसीनचे तीन भाग पाडले. पहिल्या दोघांचे दगड ग्रीनलंडच्या बर्फात आहेत. तिसरा, म्हणजे आपण ज्यात जगतो तो ‘मेघालयन’, चेरापुंजीजवळच्या मॉम्लू गुहेतल्या एका चुनखडीच्या स्तंभात आहे. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून क्षीण झाला, त्याची खूण त्या स्तंभाच्या ऑक्सिजनमध्ये सापडली. भारताचं नाव काळाच्या तक्त्यावर कायमचं लागलं याचा मला अभिमान आहे. पण पुढे त्याच गुहेतल्या दुसऱ्या स्तंभांचा अधिक बारकाईनं अभ्यास झाला तेव्हा एक झटक्यात आलेला दुष्काळ दिसला नाही. अनेक दशकांचे वेगवेगळे कोरडे टप्पे दिसले. माझा कौल असा: दगड राहू द्यावा, कारण त्याची जागा पक्की आहे. पण सिंधू, मेसोपोटेमिया आणि इजिप्त या सगळ्यांचा ऱ्हास त्या एका रेघेवर बसवणं थांबवावं. मोजणीच्या दगडाला त्या वर्षी पाऊस किती पडला हे ठाऊक नसतं.

अँथ्रोपोसीनचा निर्णय याच तराजूत तोलला पाहिजे. २००० साली पॉल क्रुट्झन आणि यूजीन स्टोर्मर यांनी हा शब्द पुढे आणला. या प्रस्तावावर काम करणाऱ्या कार्यगटानं २०२३मध्ये कॅनडातल्या क्रॉफर्ड तलावाचा तळ सुचवला: दरवर्षी एक थर, आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अणुचाचण्यांच्या प्लुटोनियमची स्पष्ट वाढ. दोरीच्या दृष्टीनं हा फार चांगला दगड होता. प्लुटोनियम सगळ्या जगात एकाच सुमारास पडलं. तरी मतदान करणाऱ्या उपसमितीत चौघं बाजूनं आणि बारा विरोधात. विरोध करणाऱ्यांचा मुद्दाही खरा आहे: शेती, जंगलतोड, खाणी, कोळसा हे सगळं या रेघेच्या फार आधीपासून चालू आहे, आणि एका माणसाच्या आयुष्यापेक्षा थोड्याच जास्त काळाला युग म्हणणं या तक्त्याच्या मापाला साजत नाही. मी दोन्ही बाजू अनेकदा वाचल्या आणि शेवटी नकाराच्या बाजूला उभा आहे. पण त्यासाठी जे पंचाहत्तर-ऐंशी वर्षांचे थर वेचले, मोजले, ते वाया गेले असं कुणी मानू नये. तलावाचा तो तळ जपून ठेवला तर पुढच्या पिढ्यांना हा निर्णय पुन्हा तपासता येईल. दगड न ठोकताही जागा राखता येते.

जागा राखणं हा मुद्दा मला घाटात परत आणतो. दगड असो वा दोरी, मोजायला खडक उघडा लागतो. मेशानला चीननं बाग केली, फॉर्च्युन हेडला संरक्षित क्षेत्र केलं. आपल्या घाटांत रस्ते रुंद होताहेत, आणि दरडींपासून जीव वाचवायला कापलेल्या डोंगरावर जाळी आणि काँक्रीटचा थर चढतो. ते आवश्यक आहे, घाटात दर पावसाळ्यात माणसं दगावतात. पण काँक्रीट चढायच्या आधी त्या कापाचं मोजमाप घेणं, फोटो काढणं, प्रत्येक विटकरी पट्ट्यातून पिशवीभर माती एखाद्या विद्यापीठाकडे ठेवणं, यात कुणाचा रस्ता अडत नाही. पोलादपूर ते महाबळेश्वर एवढा एक रस्ता तरी असा नोंदवावा. दोन नामांकित गटांच्या मोजणीतली तफावत मिटवायला जे झिर्कॉन लागणार आहेत, ते याच मातीत आहेत.

त्या मुलीनं तेवढ्यात पट्ट्यातली थोडी भुकटी खरवडून कागदाच्या पुडीत बांधली होती. सरांनी तिच्याकडे पेन दिलं आणि म्हणाले, “तारीख लिही, घाट लिही, कुठल्या वळणावरची ते लिही.”

तिनं लिहिलं. मग थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ घातली: खालच्या काळ्या दगडाच्या वर, वरच्या काळ्या दगडाच्या खाली.